आधीचं दुकान

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. साठी उलटलेल्या बहिणीला चि. लिहिताना मला फार बरं वाटतं, तेव्हा तक्रार करू नकोस.

तू पाठवलेले पायमोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. शाळेत इतकी वर्षं मुलींना विणकाम शिकवलंस, त्या बिचाऱ्यांच्या संसाराचं काय झालं असेल कोण जाणे. पण उबदार आहेत. पाय टेबलाखाली असतात, त्यामुळे अब्रू झाकली जाते.

बातमी अशी की नगरपालिकेनं तंबाखूच्या दुकानांचा नवा नियम काढला. पहिलं कलम असं की शहरात यापुढे नवीन परवाना कोणालाच नाही. ते ऐकून मी मनातल्या मनात खूश झालो, खोटं कशाला बोलू. दुसरं कलम वाचलं आणि घोडं अडलं. ठरावीक अंतराच्या आत अशी दोन दुकानं असतील तर त्यातलं आधीचं तेवढं राहील. दुसऱ्याचा परवाना मार्चअखेर संपला की पुन्हा मिळणार नाही. आमच्या रस्त्यावर दोनच दुकानं, माझं आणि समोरच्यांचं. मध्ये अंतर किती, तर एक ट्रक जाईल इतकं.

समोरचे तुला आठवत असतील. तू आली होतीस तेव्हा आमचं बोलणं होतं. नंतर ते बाकाचं प्रकरण झालं. गिऱ्हाइकांना बसायला रस्त्याकडेला आमचा दोघांचा मिळून एक बाक होता. तो एक दिवस नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन गेली. तक्रार त्यांनी केली असं मला वाटलं, मी केली असं त्यांना वाटलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही बोलत नाही. धंद्याचं मात्र कधी अडलं नाही. सकाळी सावली त्यांच्या बाजूला असते, दुपारनंतर माझ्या. गिऱ्हाईक सावलीत उभं राहून ओढतं, त्यामुळे अर्धा दिवस त्यांचा आणि अर्धा माझा. जेवायला वर जाताना मी स्टूल उलटं करून काउंटरवर ठेवतो. मी खाली येईपर्यंत ते माझ्या दुकानावर डोळा ठेवतात. त्यांचं स्टूल उलटं दिसलं की मी ठेवतो. हे कधी ठरलं, आठवत नाही.

आता बघू काय होतं ते. तू काळजी करत बसू नकोस.

लोभ आहेच. पुढची जोडी मापाची आली तर वाढेलही.
तुझा,
दादा


१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक मोजा लांब असतो तो गुडघा दुखतो त्या पायासाठी. कोणता पाय दुखतो ते तू सांगत नाहीस, म्हणून अदलाबदल करता येईल असे विणले. वापरायची अक्कल मी विणून पाठवू शकत नाही.

तुझी पत्रं येतात ते बरं आहे. फोनवर तू 'बरंय, बरंय' याच्यापुढे जात नाहीस. माझी लेक दर रविवारी इतक्या लांबून फोन करते, तिच्याशी मीही तसंच बोलते हे परवा माझ्या लक्षात आलं. आपल्या घराण्यालाच ते आहे बहुतेक.

नियमाबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगते. नियम बरोबर आहे. हे कशानं गेले ते तू जाणतोस आणि मीही जाणते. तुझ्याकडून तंबाखू मागवत होते म्हणून तुझ्यावर माझा राग आहे असं समजू नकोस. तुझ्याकडून नाही तर दुसऱ्याकडून घेतली असती. पण त्यांच्या शेवटच्या महिन्यात तू आलास, पलंगाशेजारी बसलास आणि खिशातला हात काही बाहेर काढला नाहीस. तुझ्या बोटांना तंबाखूचा वास येत होता, तो त्यांना येऊ नये म्हणून. मला ते दिसलं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही.

तेव्हा दुकान गेलं तर जाऊ दे आणि इकडे ये, असं मी पूर्वीही म्हणत होते, आताही म्हणते. पूर्वी कारण सांगत होते की तुझं जेवणखाण नीट होत नाही. आता खरं कारण लिहिते. मलाच कोणी तरी हवं आहे. सहावा मजला आहे, वारा छान येतो, माणूस येत नाही. मागच्या आठवड्यात विजेचा मीटर बघायला एक जण आला. तो नको नको म्हणत होता तरी मी त्याला चहाला बसवलं, आणि त्याच्या घरी कोण कोण आहे ते सगळं विचारून घेतलं. तो गेल्यावर माझीच मला कीव आली. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात बघून मी 'काय म्हणता' असं विचारते आणि दार उघडलं की गप्प होते.

मागची खोली तुझी. खिडकीतून गाड्यांचं आगार दिसतं, बघण्यासारखं पुष्कळ आहे. विचार कर.

माया अशीच असू दे आणि ती जरा जवळून दाखवायला ये.
तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुकानात कोणी नव्हतं तेव्हा तिसऱ्यांदा. खिशातला हात तुला दिसला असेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच्यावर मी काही लिहू शकत नाही, तू समजून घे.

इकडची हकीकत सांगतो. आधीचं दुकान कोणाचं हे ठरवताना कचेरीत सगळे डोकं धरून बसलेत. आम्ही दुकानं काढली तेव्हा तंबाखूला परवानाच लागत नव्हता. पुढे लागायला लागला तेव्हा दोघं एकाच रांगेत उभे होतो, त्यामुळे दोन्ही परवान्यांवर तारीख एकच. आता त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावलंय. प्रत्येकानं जबाब द्यायचा की आधी कोण. आपलं आधी असेल तर तसा हक्क सांगायचा.

खरं सांगायचं तर आधी माझं. समोरच्यांच्या दुकानाला रंग लागत होता, तेव्हा रंगाऱ्यांसाठी त्यांनी सिगारेटी माझ्याकडून नेल्या होत्या. तेव्हाची माणसं आता रस्त्यावर कोणी उरली नाहीत. कोपऱ्यावरचा न्हावी गेला, लाँड्रीवाला मुलाकडे राहायला गेला. हे माहीत असलेले दोघंच, मी आणि ते.

मी हक्क सांगणार नाही. जबाबात त्यांचं आधी असं लिहून देणार आहे. तुझ्यापासून लपवत नाही, हे खोटं आहे. पण मला तुझ्याकडे यायला जागा आहे. त्यांची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, येणारं जाणारं मी तरी कोणी बघितलेलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात, खाली येतात, पुन्हा वर जातात. दुकान बंद झालं तर तो माणूस खाली कशाला येईल, याचं उत्तर मला सापडलं नाही. शिवाय तुझ्या त्या लिफ्टच्या आरशानं मला झोप लागू दिली नाही.

खोलीतलं तुझं शिवणाचं सामान हलवायला हरकत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येईन.

आहे तो लोभ जपून ठेव, मी येऊन ताब्यात घेईन.
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग कपाट रिकामं करायला घेतलं. शिवणाचं यंत्र ओढताना कमरेत उसण भरली, तरी हौस फिटली नाही. दोन उशा नव्या आणल्या. दुकानदाराला विचारलं नसताना सांगितलं की भाऊ राहायला येतोय.

एकच सांगते, आणि रागावू नकोस. जबाब द्यायच्या आधी रस्ता ओलांड आणि समोरच्यांना सांग. उपकार केल्याचं दाखवायला नाही. त्यांना कळायला हवं म्हणून. तू इकडे येणार आहेस हेही त्यांना ठाऊक नसेल. तुम्ही दोघं सबंध दिवस एकमेकांकडे तोंड करून बसता आणि कोणाच्या घरी कोण आहे ते एकमेकांना माहीत नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तू लहानपणापासून असाच. आईनं मारलं तर का मारलं ते विचारायचास नाही, स्वतःच काही तरी ठरवून कोपऱ्यात जाऊन बसायचास.

सांगशील ना? तसं कळव.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कमरेला शेक दे. आणि यंत्र हलवायला कोणाला तरी बोलवायचं होतंस, त्या मीटरवाल्याला बोलावलं असतंस तरी तो आला असता.

जबाब झाला. कचेरीतली कारकून पोरगी अगदी तरुण आहे, तिला सर्दी झाली होती. मी सांगितलं ते लिहून तिनं मला वाचून दाखवलं. समोरच्यांचं दुकान आधीचं, माझा हक्क नाही. तिनं पेन खाली ठेवून विचारलं की काका, नक्की ना, हे एकदा नोंदवलं की बदलत नाही. मी म्हटलं, नक्की. सही केली. बाहेर आलो तेव्हा हलकं वाटलं आणि भूकही लागली.

तू सांगितलं होतंस ते मात्र जमलं नाही. निघालो होतो, ऐक तर. जबाबाच्या आदल्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडायला उतरलो. बघतो तर त्यांचं स्टूल उलटं. जेवायची वेळ नव्हती, पण कुठे तरी गेले होते खरे. मग मला परत आपल्या जागेवर जाणं भाग पडलं, कारण त्यांच्या दुकानावर नजर कोण ठेवणार? ते पुष्कळ वेळानं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरकडे गेले असतील. मला बघून मान हलवल्यासारखी केली. तेवढ्यात आमचा अर्धीवाला आला. हा माणूस सिगारेट अर्धी ओढतो आणि उरलेली कानावर ठेवतो, कोणत्या दिवशी कान पेटेल सांगता येत नाही. त्याच्या गप्पांत माझं अवसान गेलं.

निकाल लागला की त्यांना आपोआप कळेल. मग सांगायचं काय उरतं? निकालापर्यंत जीव टांगणीला आहे, पण तो त्यांच्यासाठी.

तुझी आठवण येते हे लिहायची पद्धत आपल्यात नाही, तरी लिहितो.
दादा


२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

निकाल आला. दोन्ही दुकानं बंद.

नीट सांगतो. समोरच्यांनी जबाबात माझं दुकान आधीचं असं सांगितलं आणि स्वतःचा हक्क सोडला. मी त्यांचं आधीचं म्हणालो आणि माझा सोडला. मी जबाब द्यायच्या आदल्या दिवशी त्यांचा झाला होता. इस्त्रीचा शर्ट त्यासाठी होता. नियमात असं आहे म्हणे की हक्क सांगितला नाही तर परवाना सोडला असं धरायचं. दोघांनी सांगितला नाही, दोघांचे गेले. नवीन तर कोणालाच द्यायचा नाही, म्हणून परत मिळायचाही प्रश्न नाही. ती कारकून पोरगी वरच्या साहेबांकडे दोनदा जाऊन आली असं तिनं स्वतः सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा सर्दी असेल. साहेबांचं म्हणणं असं की भांडणारी माणसं त्यांनी रोज बघितलीत, त्यांच्यासाठी नियम आहेत. ही भानगड नियम करताना कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

परवाने जमा करायला आम्हाला एकाच वेळी बोलावलं होतं. एका टेबलाशी दोघं उभे. त्यांच्या हातात त्यांचा परवाना, माझ्या हातात माझा, दोन्हींवर तीच तारीख. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. तोंड उघडायला हवं होतं, हे मला त्या क्षणी समजत होतं. मी परवान्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. त्यांचं तसंच झालं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. एकाच बसनं परत आलो. ते पुढे बसले, मी मागे. त्यांच्या मानेवरचे केस वाढलेत, न्हावी गेल्यापासून कापत नसावेत. आमच्या थांब्यावर उतरलो आणि ते त्यांच्या बाजूला गेले, मी माझ्या.

नियम चुकीचा आहे असं मला अजूनही म्हणवत नाही. रस्त्यावर धूर कमी होईल. अर्धीवाला तर म्हणाला की बरं झालं, सोडायला निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानासमोर उभा दिसला.

माल परत पाठवतोय. कप्पे रिकामे झाले की भिंतीला मागे रंगच नाही असं दिसतं. ठरल्याप्रमाणे येतोय. तुला आनंद होईल असं लिहायचं होतं, पण आज जमत नाही.

माया कमी करू नकोस, सध्या मला ती जास्त लागणार आहे.
दादा


२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. पत्र वाचलं आणि पहिला विचार आला की म्हणजे दादा नक्की येणार. नंतर स्वतःची लाज वाटली. मी बोलावलं नसतं तर तू हक्क सांगितला असतास आणि निदान एक दुकान राहिलं असतं. हे तू नाही म्हणशील. म्हणू नकोस, मला ते तसंच राहू दे.

त्यांना भेटून ये असं या वेळी सांगत नाही. तुला ते सांगून उपयोग होत नाही हे कळलंय. शटरवर इथला पत्ता तेवढा चिकटव. कोणाचं काही टपाल आलं तर.

गाडीची वेळ कळव. मी स्टेशनवर येईन. येऊ नकोस असं लिहू नकोस, मी येणारच.

तुझी वाट बघणारी,
धाकटी


१७ मे

श्री. समोरच्यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला पत्रात काय म्हणायचं याचा पुष्कळ विचार केला. बायको होती तेव्हा आम्ही घरात तुम्हाला 'समोरचे' म्हणत होतो, तेच लिहिलं. राग मानू नये.

पत्ता शटरवरून घेतला. तो वीजवाल्यांसाठी आणि बँकेसाठी लावला असणार हे मी समजतो. खाली तुमच्या भगिनींचं नाव आहे. तुम्हाला जायला बहिणीचं घर आहे हे मला त्या दिवशी कळलं. आधी कळलं असतं तर मी जबाब दिला तसा दिला नसता. मी असा हिशेब केला होता की आपल्याला वरची खोली आहे, खिडकी रस्त्यावर आहे. माझं दुकान गेलं तरी खिडकीत बसलो की तुम्ही खाली आपल्या जागेवर दिसाल, गिऱ्हाइकांना सुटे पैसे देताना दिसाल. मला तेवढं पुरलं असतं. तुमचं दुकान बंद आणि माझं चालू, असं झालं असतं तर मला रोज सकाळी तुमच्या बंद शटरसमोर बसावं लागलं असतं. ते मला झेपलं नसतं. म्हणजे मी तुमच्यावर काही मेहेरबानी केली नाही. स्वतःचीच सोय बघितली. शिवाय आधी तुम्हीच होता, मी रंगाऱ्यांसाठी सिगारेटी तुमच्याकडून नेल्या होत्या.

तुम्ही उलटं का सांगितलंत ते त्या कारकून मुलीनं मला विचारलं. मी म्हटलं, त्यांना विचारा. नंतर वाटलं, मी का विचारू नये? म्हणून विचारतो.

इकडे ठीक आहे. तुमच्या जागेत चपला दुरुस्तीचं दुकान येणार म्हणतात, अजून कोणी आलेलं नाही. माझ्या जागेला कोणी विचारलेलं नाही. सकाळी मी सवयीनं खाली येतो. शटर उघडत नाही, पण बाहेर उभा राहतो. जुनी गिऱ्हाइकं येतात, काय चाललंय विचारतात, आणि विकायला काही नसलं की बोलणं लवकर संपतं. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी बोलायला येत होती असा माझा समज होता. जेवायला वर जाताना मात्र अजून पंचाईत होते. मागे वळून बघतो.

बाकाची तक्रार मी केली नव्हती. तुम्हीही केली नसणार, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवशी राग आला होता एवढंच, आणि मग तो सोडायचा कसा ते कळेना.

तुमचं सामान गाडीत चढवलं तेव्हा तुम्ही वर बघितलंत. मी खिडकीतच होतो, पण पडद्यामागे झालो. का झालो ते मला सांगता येणार नाही. गाडी वळल्यावर खाली धावत आलो.

गुडघा कसा आहे? जिन्यावरून उतरताना तुम्ही डावा पाय आधी टाकत होता. तिथे लिफ्ट असली तर बरं. भगिनींना माझा नमस्कार सांगावा.

उत्तर आलं तर आनंद आहे. नाही आलं तरी मी दुसरं पत्र टाकणार आहे. मागच्या वेळी तुम्ही आधी बोलाल म्हणून थांबलो, त्यात एकोणीस वर्षं गेली.

आपला,
समोरचा